लांबचं भिंग

आई, तुला विचारला होता तोच प्रश्न काल डॉक्टरांनी मला विचारला. हे डॉक्टर तुझ्या वेळचे नव्हेत, ते कधीच निवृत्त झाले. हा कोवळा मुलगा आहे, मला मावशी म्हणतो आणि बोलता बोलता टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या डोळ्याचे भाग सुटे करून दाखवतो. पडद्याचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यात पुढे बहुतेकदा मोतीबिंदू होतोच, म्हणाला. तो काढणं साध्या मोतीबिंदूसारखं नसतं. पडदा बसवताना डोळ्यातली जेली काढून टाकलेली असते, आत नुसतं पाणी असतं, त्यामुळे जुनं भिंग काढताना मागे टेकू राहत नाही. निसटलं तर थेट डोळ्याच्या तळाला जातं. हे सगळं मला तुझ्या वेळेपासून पाठ आहे, तरी मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान हलवत राहिले. मग त्यानं विचारलं, "मावशी, नवं भिंग जवळचं घालू की लांबचं? चष्म्याशिवाय तुम्हाला काय दिसायला हवं?" मी म्हटलं, उद्या सांगते. तो हसला, एवढा काय विचार करायचाय त्यात, म्हणाला. मी पिशवी उचलली आणि बाहेर आले.

तू गेलीस तेव्हा मला रडू आलं नव्हतं, हे तुला माहीत असेलच. तुला माझं सगळंच आधी कळायचं, त्यातलं वाईट तर सगळ्यात आधी. देवळाली कॅम्पातली आपली ती पुढची खोली, खिडकीपाशी मशीन, मशीनच्या उजव्या हाताला कात्री आणि डाव्या हाताला खडू. ऑफिसरांच्या बायका ब्लाउज टाकायला यायच्या आणि तू गळ्यात टेप अडकवून त्यांना आधी नुसतं बघून घ्यायचीस. मग एकेकीचं सुरू. तुमचा डावा खांदा पडलेला आहे. तुमची पाठ पुढे आणि छाती मागे आहे. मागचा शिंपी तुम्हाला घाबरला असणार, खरं माप घेतलं नाही त्यानं. कर्नलची बायको असो नाहीतर सुभेदाराची, तुझ्यापुढे सगळ्या सारख्याच ओशाळून उभ्या राहायच्या. आणि तरी पुन्हा यायच्या, कारण तुझा ब्लाउज अंगावर बसायचा. त्या तोंडाची भरपाई तुझ्या हातांनी केली असं लोक म्हणत. माझ्या वाट्याला फक्त तोंड आलं.

मी बारावीत असताना एका बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं होतं, मुलीसाठी काय शिवता? तू दातांत धरलेला दोरा तोडून म्हणालीस, "हिच्या अंगावर कापडाची नासाडी. आधी ती बाटलीची बुडं उतरवा डोळ्यांवरची, मग बघू." माझा चष्मा तुझ्याचकडून आला होता. तुझा नंबर माझ्यापेक्षा जास्त होता, पण बघायला आले तेव्हा तू चष्मा लपवून बाबांना पसंत पडली होतीस, आणि हे तू स्वतःच अभिमानानं सांगायचीस. मला ते जमलं नाही. बघायला आलेले लोक चहा पिऊन जायचे आणि तू कपबशा विसळताना मोठ्यानं म्हणायचीस, "एवढं दूध वाया." पुढे मला नाशिकरोडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली. पेढे घेऊन मी घरी आले, तर तू एक तोंडात टाकलास आणि म्हणालीस, "बरं झालं, आवाजाची नोकरी आहे. तोंड दाखवावं लागत नाही." उरलेले पेढे मी शेजारी वाटून आले.

तुझा डावा डोळा लहानपणापासून कामाचा नव्हता. सुई ओवताना तू चष्मा काढायचीस, तो डोळा मिटायचीस आणि उजव्या डोळ्यापुढे सुई अगदी नाकाजवळ धरायचीस. दोरा पहिल्या खेपेत आत. एका डोळ्यावर तू सगळं कॅम्प शिवून काढलंस. म्हणून त्या डोळ्यापुढे काजळी दिसायला लागली तेव्हा खरं तर लगेच कळायला हवं होतं. पण तू काय केलंस? सकाळी स्वयंपाकघरात आलीस, हवेत हात फिरवलास आणि माझ्यावर ओरडलीस की स्टो काजळी धरतोय, सगळीकडे काळं उडतंय. तू नामपूरची. रागावलीस की माहेरची भाषा वर यायची, तशी आली. "तुले दिखस नही का?" मला खरंच दिसत नव्हतं. मी स्टो खोलला, बर्नर पुसला, पिन मारली, तरी तुझी काजळी उडतच होती. मग तू मला छत आणि भिंती धुवायला लावलंस. स्टुलावर चढून मी सोड्याच्या पाण्यानं स्वयंपाकघराच्या भिंती घासतेय आणि तू खाली उभी राहून बोट दाखवतेयस, "तिथे, तिथे बघ, अजून आहे." दुसऱ्या दिवशीही तेच. माझे हात फुटले होते आणि भिंत पांढरीशुभ्र झाली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तू म्हणालीस की खिडकीचा अर्धा पडदा कोणी ओढला. आपल्या खिडकीला पडदाच नव्हता.

मुंबईच्या इस्पितळात मोठ्या डॉक्टरांनी तुझा डोळा बराच वेळ पाहिला आणि विचारलं, आधी काळे ठिपके, काजळीसारखं काही दिसलं होतं का? तेव्हाच यायला हवं होतं, म्हणाले, पडदा फाटत असला की तसं दिसतं. तू खुर्चीत ताठ बसून म्हणालीस, "ही स्टो नीट पुसत असती तर मला वेगळं ओळखता आलं असतं." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी माझे फुटलेले हात पदराखाली घेतले. मग ते म्हणाले की एवढ्या जास्त नंबरच्या डोळ्यांत हे घराण्यात चालतं, मुलीचाही पडदा तपासून घ्या. तर तू म्हणालीस, "ती कुठे काय बघते?" आईच्या जातीनं असं बोलावं याचं त्यांना नवल वाटलं असेल. मला वाटलं नाही. मला एवढंच आठवतं की तुझा एकुलता चालता डोळा जाणार या भीतीनं मी आतून गार पडले होते, आणि तू भीत नव्हतीस, तू भांडत होतीस.

पडदा चिकटवून ठेवायला डोळ्यात गॅस भरायचा त्यांचा विचार होता. पण नाशिकला जायचंय म्हटल्यावर ते थांबले. कसाऱ्याचा घाट चढायचा, वर गेलं की गॅस फुगतो, डोळ्यावर दाब येतो. "मग तेल घालू," म्हणाले. "ते पुढे काढावं लागेल, आणि मोतीबिंदू होईल, पण घरी जाता येईल." असं तुझ्या डोळ्यात तेल गेलं. परतताना पॅसेंजरमध्ये तुला डोकं खाली घालूनच बसायचं होतं. बसवेना, तेव्हा तू माझ्या मांडीवर पालथं कपाळ टेकवलंस. मला आठवतं तेवढ्यात तू मला पहिल्यांदाच टेकली होतीस. गाडी घाट चढतेय, बोगद्यांतून अंधार-उजेड येतोय, आणि मी हात कुठे ठेवावा या विचारात. शेवटी तुझ्या पाठीवर ठेवला. तू मांडीतूनच म्हणालीस, "तुझ्या साडीला रॉकेलचा वास येतो." मी हात काढून घेतला. इगतपुरीला चहा घेतला तो मी एकटीच प्यायले.

घरी आल्यावर काही दिवस तुला पालथंच राहायचं होतं. तुला तोंडं दिसत नव्हती, फक्त पाय दिसत होते. मग तू पायांवर घसरलीस. शेजारच्या काकूंचे पाय बदकासारखे, दूधवाल्याची चप्पल चोरलेली, आणि माझ्या टाचा बघून तर तुला किती सुचलं. शेतकऱ्याच्या बायकोच्या बऱ्या, म्हणालीस, निदान ती राबते. एक दिवस दाराशी काळे बूट आले, पॉलिश केलेले, आणि तुझा आवाजच बदलला. "आलास रे?" दादा पुण्याहून आला होता. तू त्याच्या बुटांवर हात ठेवलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, आत जा, चहा टाक. तो तासाभरानं गेला, बायकोला बरं नाही म्हणाला. तू त्या दिवशी जेवली नाहीस आणि मला म्हणालीस की भाजीत मीठ जास्त आहे म्हणून.

तेल काढल्यावर थोडे दिवस तुला बरं दिसलं. मग डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं, दुधात पाहिल्यासारखं सगळं पांढरं होत गेलं. कात्री कापडावरून घसरायला लागली. कॅम्पात बदल्या होतात, जुन्या बायका गेल्या, नव्यांना तुझा हात माहीत नव्हता, त्यांना एवढंच दिसलं की ही शिंपीण आंधळी होत चालली आहे. मशीनवर चादर पडली. तुझं काय घटलं असेल तर फक्त काम, तोंड तेवढंच राहिलं. एक दिवस तू मला समोर उभं केलंस आणि बोटांनी माझे खांदे चाचपायला लागलीस. टेप नाही, नुसती वीत आणि बोटं, मानेपासून दंडापर्यंत. "तुझाही डावा खांदा पडलाय," म्हणालीस. "मला वाटायचं तूच वाकडी उभी राहतेस." आठवडाभर तू अंदाजानं हातानं शिवत बसलीस. ब्लाउज झाला, त्याच्या बाह्या उलटसुलट लागल्या होत्या, एक बाही पुढे ओढायची आणि एक मागे. कसा झालाय विचारलंस. मी छान म्हटलं. "खोटं बोलू नकोस, माझ्या बोटांना कळतं," म्हणालीस, आणि तोंड भिंतीकडे केलंस. तू मला स्वतःहून दिलेली ती एकच वस्तू. मी तो पदराखाली लपवून एक्स्चेंजला घालून जायचे.

मग नाशिकमधल्या त्या, आता निवृत्त झालेल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तुला सगळं समजावलं, आत टेकू नाही, डोळा एकच आहे, काळजीपूर्वक करू पण हमी देता येत नाही. तू म्हणालीस, हमी कोण मागतंय, करा. मग त्यांनी विचारलं, "मावशी, भिंग जवळचं घालू की लांबचं? तुम्ही शिवणकाम करता. आयुष्यभर चष्मा काढला की तुम्हाला जवळचं दिसत आलंय. लांबचं घातलं तर ते जाईल, सुई ओवायलाही चष्मा लागेल. मी म्हणतो जवळचं घेऊ." मीही मनात जवळचंच धरलं होतं. सुई, मशीन, ताटातलं अन्न, आणि खरं सांगायचं तर मीही. तुला एवढी वर्षं भरवत होते, न्हाऊ घालत होते, एकदा तरी तू मला नीट बघशील असं वाटत होतं. तू क्षणभरही थांबली नाहीस. "लांबचंच घाला," म्हणालीस. "जवळ काय आहे बघण्यासारखं? ही आहे." डॉक्टर हसले, त्यांना विनोद वाटला. नर्स हसली. रांगेतली माणसंही हसली. मीही हसले, कारण सगळ्यांत मी एकटीच हसले नसते तर ते लक्षात आलं असतं.

ऑपरेशन चांगलं झालं. भिंग तळाला गेलं नाही. पट्टी उघडली तेव्हा मी तुझ्या अगदी समोर होते, हातात थेंबांची बाटली घेऊन. तू माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलंस, दाराबाहेर, व्हरांड्याच्या टोकाला, आणि मोठ्यानं वाचलंस, "महिलांसाठी." संडासाची पाटी होती ती. तुझा चेहरा असा फुलला की नर्सनं टाळी वाजवली. जाताना डॉक्टरांनी तुला जवळचा चष्मा लिहून दिला आणि शिवताना तू तो लावायचीस. पण मी ताट घेऊन समोर बसले की काढून ठेवायचीस. रोज. शेवटी मी न राहवून विचारलं, का काढतेस? "जेवताना कशाला भूक मारायची," म्हणालीस आणि घास मागितलास. मी घास दिला. तो तोंडात कोंबावासा वाटला होता, पण हळूच दिला.

दादा दिवाळीला आला तेव्हा तू खिडकीत होतीस. कोपऱ्यावरच तू त्याला ओळखलंस, नवा शर्ट, वजन वाढलंय, हातात खोकं आहे, सगळं मला ओरडून सांगितलंस. तो आत आला, वाकला, आणि तुझा हात थबकला. जवळ आल्यावर तोही माझ्यासारखाच धुरकट झाला होता. हे तू धरलंच नव्हतंस. "जरा लांब उभा राहा रे, दिसत नाहीस," तू म्हणालीस. तो बिचकला. पुन्हा म्हणालीस, अजून थोडा लांब. मागे सरकत सरकत तो दारापर्यंत गेला, मग हसून म्हणाला, आई, एवढंच असेल तर मी पुण्याहूनच दिसतो की. तुला ते लागलं. मला मात्र आतून गुदगुल्या झाल्या, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

त्यानंतर तू रोज संध्याकाळी त्या खिडकीत बसायला लागलीस. मी गृहीत धरलं की त्याची वाट बघतेस. एक दिवस मी घरात पाऊल टाकलं आणि तू न वळताच म्हणालीस, "आज वाण्यापाशी थांबली होतीस. कोण होती ती?" एक्स्चेंजमधली मैत्रीण, मी म्हटलं. "चालताना उजवा हात झटकतेस तू, बाप झटकायचा तसा. आणि ती निळी साडी बरी दिसते." मी चपला तशाच हातात धरून उभी राहिले. तुझ्या तोंडून 'बरी' हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मग तू पुढे जोडलंस, "लांबून." मी विचारलं, आणि जवळून? "जवळून मला दिसत नाही ना," म्हणालीस, "बरं आहे तुझं." आणि चहा मागितलास.

दादा यायचा तो सकाळच्या गाडीनं, हे मला तू गेल्यावर खूप उशिरा सुचलं. संध्याकाळी त्या वाटेनं येणारी मी एकटीच होते. याचा मी फार अर्थ काढत नाही. तुला दुपारचं ऊन सोसत नसे, संध्याकाळी त्या खिडकीत वारा यायचा. तू काविळीनं आठवड्यात गेलीस आणि शेवटपर्यंत माझ्या हातच्या पेजेला नावं ठेवलीस, तेव्हा उगाच गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

माझा पडदा सुटला तो गेल्या वर्षी. काजळी दिसली त्याच दिवशी रिक्षा करून इस्पितळात गेले, एवढं तुझ्यामुळे शिकले होते. आता सगळं नाशिकमध्येच होतं, घाट चढायला नको, म्हणून मला गॅस मिळाला. पालथी पडून राहिले, एकटीच, शेजारची मुलगी डबा ठेवून जायची. तिच्या पायांत चांदीच्या पातळ साखळ्या आहेत. पाय छान आहेत असं मी तिला म्हटलं तर ती लाजली. तुझ्यासारखं बोलता येतंय का ते बघायला मी तोंड उघडलं होतं, पण निघालं ते हे. आणि आता हा मोतीबिंदू. मी हे मोठ्या अक्षरात लिहितेय, ओळी वर-खाली जात असतील.

डॉक्टरांना आज सकाळी फोन करून जवळचं सांगितलं. लांबून कोण येणार आहे? त्यानं विचारलं, वाचायची आवड आहे का मावशी? मी हो म्हटलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तुझा पत्ता नाहीच, तेव्हा घडी करून उशीखाली ठेवते. पट्टी उघडली की चष्म्याशिवाय हेच वाचून बघेन, जमलं तर ऑपरेशन साधलं म्हणायचं. मग फाडीन.

एक राहिलं. त्या निळ्या साडीच्या दिवसानंतर मी बसमधून उतरले की वाण्याच्या टपरीमागे थांबायचे, निऱ्या सारख्या करायचे, डावा खांदा वर उचलायचे आणि मगच कोपऱ्यावरून वळायचे. घर येईपर्यंत सावकाश चालायचे. अजूनही तसंच करते, खिडकी बंद असते तरी.